रेसिडेन्सी बाजाराच्या काळातील चित्रशाळा

जुन्या मराठी संस्थांच्या सभागृहांत काही तैलचित्रे हमखास आढळतात. संस्थापक, आश्रयदाते, माजी अध्यक्ष, लोकमान्यांसारखे राष्ट्रपुरुष भिंतीवरून सभेकडे पाहत असतात. चित्राखाली त्या व्यक्तीचे नाव, जन्म-मृत्यूची साले आणि बहुधा देणगीदाराचेही नाव लिहिलेले असते. चित्र ज्याने काढले त्याचे नाव मात्र कोपऱ्यात, व्हार्निशच्या पिवळट थराखाली, शोधावे लागते. कित्येकदा ते सापडतही नाही. सुलतान बाजार आणि त्याच्या आसपासच्या मराठी जीवनाचा इतिहास सांगताना शाळा, वाचनालये, गणेशोत्सव, सत्याग्रह यांचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. परंतु या सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच्या पानांवर एका चित्रशाळेचेही स्थान आहे, याचे स्मरण शताब्दीच्या निमित्ताने होणे उचित ठरेल.

सुलतान बाजार हे नाव तसे अलीकडचे. १९३३ पर्यंत हा परिसर रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जात असे. मुसी नदीच्या उत्तरेस कर्नल जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याने उभारलेली रेसिडेन्सीची भव्य वास्तू, आणि तिच्या भोवती वसलेली ही पेठ. येथील कारभार निजामाच्या कोतवालीकडे नसून इंग्रज रेसिडेंटकडे होता. त्यामुळे सावकार, व्यापारी, वकील, डॉक्टर, सुशिक्षित नोकरदार अशा नाना प्रकारच्या मंडळींनी येथे वस्ती केली. १८९२ साली येथे आर्यसमाजाची स्थापना झाली आणि १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले. तेलुगू, मराठी, उर्दू, गुजराती अशा अनेक भाषा एका गल्लीत नांदत होत्या. १९३३ मध्ये हा भाग निजामाच्या ताब्यात परत आला आणि त्यास सुलतान बाजार हे नाव मिळाले.

छायाचित्रकाराच्या घरी चित्रकार

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद हे चित्रकारांना खुणावणारे नगर होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) गादीवर होते. संस्थानात श्रीमंत उमराव होते, जहागीरदार होते, आणि आपली छबी दिवाणखान्यात लावण्याची हौस त्यांना होती. ही हौस पुरवण्यात छायाचित्रकाराने मात्र चित्रकारावर आघाडी घेतली होती. लाला दीनदयाळ यांचा सिकंदराबादेतील स्टुडिओ देशभर नावाजलेला होता. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ काढला. पडदानशीन स्त्रियांची छायाचित्रे तेथे एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली घेतली जात. ते निजामाचे दरबारी छायाचित्रकारही होते. त्यांना मिळालेल्या किताबातील 'मुसव्विर' या शब्दाचा मूळ अर्थ चित्र काढणारा असा आहे. चित्रकाराची पदवी कॅमेरा चालवणाऱ्याकडे गेली, यात त्या काळाचे सारे परिवर्तन सामावलेले आहे.

१९०२ साली राजा रविवर्मा आपले धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह हैदराबादला आले आणि याच दीनदयाळांचे पाहुणे झाले. रविवर्मा त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी केलेली चौदा पौराणिक चित्रे देशभर गाजली होती. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या त्यांच्या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोहोचवल्या होत्या. त्यांच्या चित्रांतील कितीतरी पौराणिक स्त्रिया नऊवारी लुगडे नेसलेल्या आहेत, त्यामुळे मराठी घरांना त्या आपल्याच वाटल्या. अशा चित्रकाराला निजामाकडून मोठे काम मिळावे ही अपेक्षा गैर नव्हती. परंतु दरबारात वाट पाहण्यातच दिवस गेले आणि अपेक्षित काम काही हाती आले नाही. छापखान्याचा व्यवहार तोट्यात गेलेला असताना ही निराशा त्यांना निश्चितच जड गेली असणार.

या दोघा भावांच्या सहजीवनाची माहिती आपल्याला मिळते ती राजराज वर्मा यांच्या इंग्रजी रोजनिशीमुळे. १८९५ ते १९०४ या काळातील तिचा उपलब्ध भाग २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काम कुठवर आले, कोणाची भेट झाली, कोठे प्रवास केला, प्रकृती कशी होती, पैसा किती आला आणि किती अडकला, अशा साध्या नोंदी तीत आहेत. चित्रकार म्हटला की प्रतिभेच्या लहरीवर जगणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. या नोंदींतून दिसणारा चित्रकार मात्र वेळेचा, पैशाचा आणि गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवणारा कष्टकरी आहे.

उजेडाचे वेळापत्रक

विजेच्या दिव्यांपूर्वीच्या चित्रशाळेत घड्याळापेक्षा सूर्याची सत्ता मोठी होती. तैलरंगांत व्यक्तिचित्र काढणारा चित्रकार उत्तरेकडे खिडकी असलेली खोली शोधी. कारण उत्तरेचा प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही आणि चेहऱ्यावरील छाया स्थिर राहतात. सकाळ ही कामाची मुख्य वेळ. बैठकीस येणारी व्यक्ती एका जागी दीड-दोन तासांहून अधिक बसू शकत नाही. चेहरा दमतो, नजर विझते आणि चित्रातही ती थकलेली उतरते. म्हणून ती येण्यापूर्वी कॅनव्हास चौकटीवर ताणलेला, इझल ठरल्या जागी उभे आणि पॅलेटवर रंग क्रमाने मांडलेले असावे लागत. पहिल्या बैठकीत कोळशाने रेखन, मग तपकिरी रंगाच्या पातळ थराने छायाप्रकाशाची मांडणी, आणि तो थर वाळल्यावर पुढचे रंग, असा हा क्रम. जवसाच्या तेलात कालवलेला रंग वाळण्यास दिवस लागतात; पावसाळ्यात तर तो रेंगाळतोच. त्यामुळे एका वेळी तीन-चार चित्रे निरनिराळ्या अवस्थांत ठेवल्याखेरीज धंदा चालत नसे. संध्याकाळी कुंचले टर्पेंटाइनने आणि मग साबणाने धुवून ठेवण्याचे काम उरे. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात निळा आणि हिरवा यांत फसगत होते, म्हणून दिवस मावळला की रंगकाम थांबे.

ही सारी कामे एका माणसाच्या आवाक्यातली नाहीत. चौकट करणारा सुतार, कॅनव्हासला अस्तर लावणारा, रंगसामान सांभाळणारा मुलगा, पत्रव्यवहार पाहणारा जाणता मनुष्य अशा अनेकांच्या हातांवर चित्रशाळा उभी असे. उमरावाचे व्यक्तिचित्र असेल तर चेहऱ्याएवढाच वेळ शेरवानीच्या जरीला, तलवारीच्या मुठीला आणि छातीवरील पदकांना लागे. त्या वस्तू समोर मांडून साहाय्यक तो भाग रंगवू शके. मुख्य चित्रकार चेहरा आणि हात स्वतःकडे ठेवी. जी व्यक्ती हयात नाही किंवा दरबाराच्या व्यापामुळे बसू शकत नाही, तिच्यासाठी छायाचित्र हाच आधार. छायाचित्रकार हा चित्रकाराचा प्रतिस्पर्धी होता, तसा त्याचा सोबतीही होता. वर्माबंधूंनी दीनदयाळांकडे उतरावे, यामागे मैत्रीइतकेच व्यवसायाचेही कारण असावे असे म्हणण्यास जागा आहे.

वर्माबंधूंच्या चित्रशाळेत कामाची वाटणी ठरलेली होती. मनुष्याकृती रविवर्मांच्या, तर मागचे डोंगर, पाणी, आकाश आणि झाडी पुष्कळदा राजराज वर्मांच्या हातची. निसर्गचित्रण हा राजराजांचा विशेष प्रांत होता आणि त्यांनी स्वतंत्र निसर्गचित्रेही काढली. इंग्रजी पत्रव्यवहार, प्रवासाची व्यवस्था, येणेदेणे यांचा भारही बराचसा त्यांच्यावरच होता. त्यांच्या भगिनी मंगलाबाई याही चित्रकार होत्या. कॅनव्हासवर आणि छापील चित्रांवर देशाने जे नाव वाचले ते मात्र एकच होते. भागीच्या चित्रशाळेचा हा नियम होता. आणि तो राजराजांनी विनातक्रार पाळला, असे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

या वाटणीचे मोल तिच्या अभावात कळले. म्हैसूर दरबारासाठी काम चालू असतानाच्या काळात राजराज आजारी पडले आणि १९०५ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये दीनदयाळही गेले. बंधूंच्या मृत्यूनंतर रविवर्मा दोन वर्षेही जगले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या तिघांनी १९०२ साली हैदराबादेत एकमेकांचा सहवास अनुभवला, ते तिघेही पुढील पाच वर्षांच्या आत काळाच्या पडद्याआड गेले.

पंडित होण्यापूर्वीचे सातवळेकर

वर्माबंधू निजामाच्या भेटीची वाट पाहत होते त्या सुमारास याच नगरात एक मराठी चित्रकार स्वतःच्या चित्रशाळेवर चरितार्थ चालवीत होता. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे त्याचे नाव. आज ते वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वपरिचित आहेत. इतके की ते व्यवसायाने चित्रकार होते हे सांगितल्यास अनेकांना आश्चर्य वाटते.

त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे, वेदाध्ययनाची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. घरची परंपरा भिक्षुकीची, पण मुलाचा हात चित्राकडे वळला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले आणि मेयो पदक मिळवले. १९०० च्या सुमारास ते हैदराबादला आले व त्यांनी येथे चित्रशाळा थाटली. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे हे त्यांचे कामाचे विषय. पुढे लाहोरच्या काळात छायाचित्रणाचीही त्यास जोड मिळाली.

चित्रकारी हा त्या काळी मराठी ब्राह्मण गृहस्थाने पत्करण्याजोगा धंदा मानला जात नसे. परंतु या धंद्याचा एक मोठा लाभ होता. निजामाच्या दफ्तरात वा रेसिडेन्सीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला वरिष्ठांची मर्जी सांभाळून बोलावे लागे. कुंचल्यावर जगणाऱ्यास वरिष्ठ नव्हता. शिवाय त्याचा दिवस उजेडाबरोबर संपत असे. संध्याकाळनंतरचे तास त्याचे स्वतःचे. सातवळेकरांनी हैदराबादेतील वर्षांत संस्कृत आणि वेद यांचा अभ्यास वाढवला, ते आर्यसमाजाच्या विचारांकडे ओढले गेले आणि नगरातील मराठी पुढाऱ्यांबरोबर सार्वजनिक कामात उतरले. पुढील आयुष्यात ते ज्या शिस्तबद्ध दिनक्रमासाठी प्रसिद्ध झाले, त्या व्यायाम, सूर्यनमस्कार आणि अध्ययन यांच्या शिस्तीस चित्रशाळेतील उजेडाच्या वेळापत्रकाने हातभारच लावला असेल.

या सार्वजनिक कामाचे ठळक फळ म्हणजे विवेकवर्धिनी. १९०७ च्या सुमारास सुरू झालेल्या या शाळेच्या उभारणीत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींबरोबर सातवळेकरांचाही वाटा होता. उर्दू ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा असलेल्या संस्थानात मराठी मुलांसाठी शाळा काढणे हे केवळ शैक्षणिक काम नव्हते. याच जागृतीतून पुढे मराठी वाचनाची गोडी आणि मराठी ग्रंथालयांची गरज निर्माण झाली. ज्या वाचकवर्गाने हे ग्रंथालय शंभर वर्षे सांभाळले, त्याची पहिली पिढी अशा शाळांतून घडली.

परंतु चित्रकाराला वरिष्ठ नसला तरी गिऱ्हाईक असतेच, आणि संस्थानी राज्यात गिऱ्हाईक हा कोणाचा तरी अंकित असतो. जहागीरदार निजामाला बांधलेला, निजाम रेसिडेंटला. वंगभंगानंतरच्या वर्षांत, म्हणजे १९०५ नंतर, राजकीय वातावरण तापले. व्याख्याने देणाऱ्या, स्वदेशीचा आणि वेदांतील तेजस्वी राष्ट्रभावनेचा पुरस्कार करणाऱ्या चित्रकाराकडे राज्यकर्त्यांची नजर वळली. रेसिडेन्सी बाजारात निजामाच्या कोतवालीचा हात पोहोचत नसे हे खरे. पण रेसिडेंटचा डोळा तेथे सर्वांत जवळ होता. चित्रशाळा टिकवायची तर बोलणे थांबवायचे, किंवा बोलायचे तर चित्रशाळा सोडायची, असा हा पेच होता. सातवळेकरांनी दुसरा मार्ग पत्करला. चांगली जमलेली चित्रशाळा मोडून ते १९०७ च्या सुमारास हैदराबादबाहेर पडले.

पुढील घटना परिचित आहेत. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात प्रसिद्ध झालेला 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा त्यांचा लेख राजद्रोही ठरवण्यात आला. संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना कारावास झाला आणि सातवळेकरांनाही अटक व तुरुंगवास भोगावा लागला. सुटकेनंतर त्यांनी लाहोरला पुन्हा चित्रशाळा उभारली. नव्या गावी, नव्या भाषेत, पुन्हा पहिल्या कॅनव्हासपासून आरंभ केला आणि तेथेही उत्तम जम बसवला. १९१८ च्या सुमारास तीही सोडून ते औंधला आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. तेथे सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळामार्फत वेदग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या काढण्याचे काम हाती घेतले. १९४८ नंतर हे कार्य गुजरातेतील पारडी येथे चालले. १९६८ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते निवर्तले.

दोनदा जमवलेली चित्रशाळा दोनदा सोडणे हे सोपे नव्हते. वेदकार्याच्या गौरवात हा त्याग झाकला जातो, कारण मागे राहिलेली चित्रे बोलत नाहीत आणि न काढलेल्या चित्रांची तर गणतीच नाही. त्यांचा कुंचला घरात अगदीच निमाला असे मात्र नाही. १९१५ साली लाहोरला जन्मलेले त्यांचे चिरंजीव माधवराव सातवळेकर जे. जे.त आणि नंतर युरोपात शिकले, नामांकित चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे कला संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले.

काका-पुतणे आणि चुलतभाऊ

हैदराबादेतील मराठी चित्रकारांचा धागा सातवळेकरांबरोबर तुटला नाही. रामकृष्ण वामन देऊसकर यांनी या नगरात चित्रकार म्हणून मोठा लौकिक मिळवला. त्यांचे पुतणे गोपाळ देऊसकर यांचा जन्म १९११ साली अहमदनगरचा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने काकांनी त्यांना हैदराबादेत वाढवले. घरातच इझल उभे असलेल्या मुलाला रंगांची ओळख शाळेच्या आधी होते. गोपाळराव पुढे जे. जे.त आणि लंडनला शिकले व व्यक्तिचित्रणात अग्रगण्य ठरले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील नारायणराव राजहंस यांची पुरुषवेषातील आणि स्त्रीभूमिकेतील भव्य तैलचित्रे, तसेच टिळक स्मारक मंदिरातील लोकमान्यांच्या जीवनावरील चित्रे ही त्यांचीच. पुण्याच्या रसिकांना प्रिय असलेल्या या चित्रांचे एक मूळ हैदराबादच्या मराठी घरात आहे.

महाराष्ट्रात याच काळी कोल्हापूरला भागीच्या चित्रशाळेचे निराळे रूप दिसत होते. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील चुलतभाऊ नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत आणि गाव त्यांना 'पेंटर' याच नावाने ओळखी. रंगमंच व्यापणारा पडदा एकट्याने रंगवता येतच नाही, त्यामुळे विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवण्याचे दोघा भावांचे स्वप्न पुरे होण्याआधीच १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी ते पुरे केले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ साली दामले आणि फत्तेलाल 'प्रभात'च्या संस्थापकांत होते.

किळिमानूरचे सख्खे भाऊ, कोल्हापूरचे चुलतभाऊ, हैदराबादचे काका-पुतणे. नाती निराळी, पण चित्रशाळेचा धर्म एकच. एकाने घेतलेले काम दुसऱ्याने तडीस न्यायचे, अनुभवी हाताने कोवळ्या हाताला वळण लावायचे, आणि नाव कोणाचे लागते याची चिंता न करता चित्र वेळेवर पुरे करायचे. सार्वजनिक संस्था याच रीतीने चालतात. ग्रंथपाल, कार्यवाह, पुस्तकांना पुठ्ठे घालणारा, वर्गणी गोळा करणारा, संध्याकाळी दिवे लावणारा अशा कितीएकांच्या श्रमांवर शंभर वर्षे उभी राहतात, आणि फलकावर मोजकीच नावे येतात.

म्हणूनच शताब्दीच्या वर्षात एक छोटे काम हाती घेण्याजोगे आहे. सभासदांच्या घरांत, जुन्या वाड्यांत, शाळांच्या आणि संस्थांच्या दालनांत जी तैलचित्रे अजून टिकून आहेत, त्यांची एक यादी करावी. चित्र कोणाचे आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. ते कोणी काढले, कोणत्या साली काढले, कोपऱ्यात सही आहे काय, चौकटीच्या मागे कारागिराची चिठ्ठी आहे काय, हे पाहून लिहून ठेवावे. चित्र स्वच्छ करण्यासाठी घरगुती उपाय मात्र करू नयेत. ओल्या फडक्याने पुसलेल्या चित्रावरचा रंग एकदा सुटला की तो परत येत नाही. ते काम जाणत्या संवर्धकाकडेच सोपवावे. पुस्तकांची दाखलनोंद ठेवण्याची शिस्त ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे जपली, त्याला हे काम अवघड नाही. अशा नोंदींतून रेसिडेन्सी बाजाराच्या काळातील एखादे विसरलेले नाव उजेडात आले, तर या परिसराच्या इतिहासात एक नवे पान जोडले जाईल.